मेटिओर ३५०: काढता-घालता येणारी काच, सॅडल स्टे आणि बॅगा

सामान लादायला रॉयल एनफिल्डची मेटिओर मुळातच बरी गाडी. वजन १९१ किलो, टाकी १५ लिटरची, मागे दोन शॉकअप आणि त्यांना प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायच्या, सहा पायऱ्या. तिच्यावर लांबच्या प्रवासासाठी काय चढवावं, याचा हा रिव्ह्यू. कसोटी एकच: शुक्रवारी रात्री लावलं आणि सोमवारी ऑफिसला निघण्याआधी उतरवलं, इतकं ते सुटसुटीत आहे का?

आधी वारा अडवणारी पुढची काच. मेटिओरच्या सुपरनोव्हा या मॉडेलवर कंपनीची टूरिंग विंडस्क्रीन येतेच. बाकीच्यांनीही शक्यतो तीच घ्यावी, कारण ब्रॅकेट गाडीच्या मापाचे असतात. युनिव्हर्सल काच हँडलला क्लॅम्पने बसते. घेण्याआधी हँडलचा व्यास व्हर्नियरने मोजा. क्लॅम्प सैल पडला म्हणून रबराची पट्टी गुंडाळणं हा उपाय नव्हे. खड्ड्यांतून ती काच हळूहळू चेहऱ्याकडे झुकते.

उंचीत सगळ्यात जास्त लोक फसतात. मोठी काच म्हणजे जास्त आराम, असं काही नाही. वरची कड नाक आणि हनुवटीच्या दरम्यान यावी, म्हणजे नजर काचेवरून जाते. काचेला वायपर नसतो. पावसाळी रात्री समोरून ट्रक आला की थेंबांत प्रकाश फुटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. ७०-८० च्या वेगात हेल्मेट घुमायला लागलं तर सीटवरून थोडं उठून बघा. आवाज कमी झाला तर काच खाली घ्या किंवा मागे कलवा. वाकल्यावर कमी झाला तर वर घ्या. खालची कड आणि हेडलाइट यांत दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवा. तिथून थोडी हवा आत येते आणि काचेमागे तयार होणारी ओढ कमी होते.

काच पॉलिकार्बोनेटची असेल तर बोल्टच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर हवेत आणि नट रबर जेमतेम दबेपर्यंतच आवळायचा. थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवणारा द्रव, अजिबात नको. त्यातल्या रसायनाने भोकाभोवती केसासारख्या चिरा पडतात. आत नायलॉनची रिंग असलेला नायलॉक नट वापरा. पेट्रोल किंवा अमोनियावाला क्लीनरही वर्ज्य. वाळलेल्या किड्यांवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की ते आपोआप सुटतात.

लेगगार्डला बांधायचे रेक्झिनचे पडदे थंडीत पायांना बरे वाटतात. पण इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होतं. उष्णता बाहेर टाकणाऱ्या सिलिंडरच्या फिन झाकल्या आणि मागे माणूस बसवून आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढला, तर इंजिन तापणारच. आमच्या मते हा खर्च वाया.

आता सॅडल स्टे, म्हणजे बॅगा चाकापासून दूर धरणारी पाइपची चौकट. बॅगेपेक्षा पैसे इथे घाला. शॉकअपच्या किंवा मागच्या हँडलच्या बोल्टमध्ये स्टे बसवताना पट्टीच्या जाडीमुळे मूळ बोल्टचे आटे कमी पडतात. तेवढाच लांब बोल्ट घ्या. ८ मिमीचा बोल्ट निदान ८ मिमी आट्यात गेलाच पाहिजे. अंतर भरायला वॉशरची चळत नको, एकसंध स्पेसर हवा. डाव्या-उजव्या स्टेला नंबरप्लेटखालून जोडणारी आडवी पट्टी नसेल तर तो स्टे घेऊ नका. बॅगेच्या झोक्याने पाइप आत-बाहेर हलतो आणि वेल्डिंगपाशी तडकतो. साडीगार्ड काढायला लावणारे स्टेही टाळा. मागचं चाक निम्मं झाकणारं संरक्षण मोटार वाहन नियमांत सक्तीचं आहे. इंडिकेटर बॅगेआड जात असतील तर ते मागे सरकवणारा ब्रॅकेट सोबत मागून घ्या.

बॅगा कापडीच बऱ्या. पडल्यावर हार्ड बॉक्सची पट्टी वाकते, कापडी बॅग फार तर खरचटते; शिवाय ती उचलून थेट लॉजच्या खोलीत नेता येते. उजवीकडे सायलेन्सर आहे, तेव्हा बॅगेचा तळ आणि सायलेन्सर यांत निदान चार बोटं अंतर हवं. ते गाडी उभी असताना मोजू नका; मागे माणूस बसवून, शॉकअप दाबून मोजा. डावीकडे चेन. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून वेल्क्रोने बांधा. एक टोक चेनमध्ये गेलं की मागचं चाक जाम होऊ शकतं.

रेनकव्हरवर विसंबू नका. कोकणातल्या पावसात ते खालून भरतं आणि बॅगेचं तळं होतं. आत रोल करून बंद होणारी ड्राय बॅग हवी. दोन्ही बाजूंच्या वजनात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. हत्यारं, पंक्चर किट, पाणी असलं जड सामान तळाशी आणि पुढच्या बाजूला. मागच्या कॅरिअरवर फक्त हलकं सामान. तिथे दहा-बारा किलो चढवले की पुढचं चाक हलकं होतं. काच हँडलसोबत वळते, त्यामुळे चाळकेवाडीच्या पठारावरचा आडवा वारा तिच्यावर आदळला की गाडी डुलायला लागते. अशा वेळी वेग उतरवा, हँडल घट्ट धरू नका.

सामान चढवल्यावर प्रीलोड दोन पायऱ्या वाढवा, टायरमध्ये मॅन्युअलमधली डबलसीटची हवा भरा आणि हेडलाइट खाली घ्या, नाहीतर समोरचे रात्रभर डिपर मारतील. पहिल्या १०० किलोमीटरनंतर स्टेचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवा पेंट दबला की ते हमखास सैल होतात.

गुण: कंपनीची काच ५ पैकी ४ (उतरवायला पाने लागतात म्हणून एक कमी), आडव्या पट्टीचा स्टे ४.५, ड्राय बॅगवाल्या कापडी बॅगा ४, रेक्झिनचे पडदे १.