स्वभावांच्या तुलनेचा इंग्रजी कार्डसंच : दिवाळीपासूनच्या वापरानंतर

दिवाळीनंतर औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानातून हा कार्डसंच घेतला. तेव्हापासून अंबाजोगाईतल्या माझ्या संध्याकाळच्या स्पोकन इंग्लिशच्या बॅचमध्ये तो जवळजवळ रोज हाताळला जातोय. विषय एकच, माणसांचे स्वभाव आणि त्यांची तुलना. कार्डाच्या पुढच्या बाजूला 'शाय', 'जेनरस', 'स्टबर्न' असा एक शब्द आणि चित्र, मागे त्याचं तुलनेचं रूप आणि दोन माणसांबद्दलचा एक प्रश्न. घ्यावा का, असं मला बरेच शिक्षक विचारतात. घ्या, पण मागचे प्रश्न जसेच्या तसे वापरू नका.

आधी चांगलं सांगते. आमची मुलं दहावीपर्यंत 'डिग्री', म्हणजे विशेषणाची तुलनेची रूपं, बदलून बदलून पक्की झालेली असतात. 'नो अदर', 'व्हेरी फ्यू' झोपेतही येतं. पण 'तुझ्या दोन मावश्यांत जास्त मनमिळाऊ कोण, इंग्रजीत सांग' म्हटलं की वर्ग गप्प. मराठीत विशेषण तसंच राहतं, सगळं काम 'पेक्षा' करतं. त्यामुळे तोंडातून 'माय सिस्टर इज काइंड दॅन मी' असंच निघतं. हा अडसर कार्डांनी खरोखर दूर केला. रूपांप्रमाणे कार्डांचे तीन रंग आहेत. 'काइंडर', 'स्ट्रिक्टर'सारखे छोटे शब्द एका रंगात, शेवटी वाय असलेले 'फ्रेंडलियर', 'लेझियर', 'मूडियर' दुसऱ्या रंगात आणि 'मोअर पेशंट', 'मोअर ऑनेस्ट', 'मोअर कॉन्फिडंट' तिसऱ्यात. केजहून येणाऱ्या एकाने सुरुवातीला विचारलं होतं, "मॅडम, सगळ्याला मोअर लावलं तर काय बिघडायलंय?" महिन्याभरात तोच दुसऱ्याचं 'मोअर काइंडर' अडवायला लागला. नियम मी फळ्यावर वेगळा लिहिलाच नाही, रंगांनीच तो त्याच्या डोक्यात बसवला.

उणिवा आहेत, आणि काही मोठ्या आहेत. 'पोलाइट'च्या मागे फक्त 'पोलायटर' छापलंय. 'मोअर पोलाइट' तितकंच बरोबर आहे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत मुलांना तेच जास्त ऐकू येतं. 'क्लेव्हर'चंही तसंच, दोन्ही रूपं चालतात. जोडशब्द तर एकही नाही. आमच्याकडे स्वभाव सांगताना पहिला शब्द येतो तापट. धाकट्या भावाबद्दल बोलताना एकीने 'शॉर्ट-टेम्परर' केलं, आणि कार्डांतून तिला उत्तर मिळेना. शेवटी 'मोअर शॉर्ट-टेम्पर्ड' आणि 'मोअर हार्ड-वर्किंग' अशी कार्डं मी पुठ्ठ्यावर करून घातली. 'व्हेरी काइंडर' चालत नाही, 'मच काइंडर' किंवा 'अ बिट काइंडर' म्हणायचं, याचा तर संचात पत्ताच नाही. भावंडांवर बोलताना 'एल्डर दॅन मी' ही चूक येणारच. भाऊ 'एल्डर ब्रदर' असतो, पण तो माझ्यापेक्षा 'ओल्डर दॅन मी'. ऑफिसातला वरिष्ठ 'सीनियर टू मी', तिथे 'दॅन' नाही. नोकरीला लागलेल्या मुलांना हे रोज लागतं.

आता मागचे प्रश्न. 'हू इज लेझियर?', 'हू इज मोअर सेल्फिश?' चित्रातल्या अनोळखी दोघांबद्दल विचारलं तर कुणाला काही वाटत नाही. माझ्या बॅचमध्ये मात्र एकाच गल्लीतली, एकाच एसटीने येणारी, एकमेकांच्या नात्यातली माणसं शेजारी बसतात. इथे तुलना म्हणजे कुणाला तरी सगळ्यांसमोर खाली बसवणं.

यातून वाट काढली ती एका नणंद-भावजयीने. 'लेझियर'चं कार्ड नणंदेच्या हाती आलं. तिने ते बाजूला ठेवलं, गठ्ठ्यातून 'पेशंट' उचललं आणि म्हणाली, 'आय ॲम नॉट ॲज पेशंट ॲज माय वहिनी.' भावजयीने लगेच उत्तर दिलं, 'शी इज ब्रेव्हर दॅन मी.' दोन्ही वाक्यांत तुलना आहे, पण कमीपणा बोलणारीने स्वतःकडे घेतला. 'माय वहिनी इज मोअर पेशंट दॅन मी' म्हटलं असतं तरी माहिती तीच राहिली असती, फक्त बोलण्याचा रोख वहिनीकडे गेला असता. कुठलं वाक्य कधी वापरायचं हे समजणं म्हणजेच ही रूपं येणं, असं माझं ठाम मत झालंय. दुसऱ्याचा उणेपणा सांगावाच लागला तर 'लेस काइंड'पेक्षा 'नॉट ॲज काइंड ॲज' सौम्य वाटतं, आणि छोट्या शब्दांना बोलण्यात तेच जास्त वापरलं जातं.

त्यानंतर आम्ही प्रश्न बदलले. माणसाची तुलना त्याच्याच जुन्या रूपाशी करायची: 'शी इज मोअर कॉन्फिडंट दॅन बिफोर', 'ही इज गेटिंग क्वायटर अँड क्वायटर'. वाळूजच्या किंवा पुण्याच्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांना याचा थेट उपयोग होतो. 'आय ॲम मोअर ऑर्गनाइज्ड दॅन आय वॉज इन कॉलेज' म्हणताना कुणाला कमी लेखावं लागत नाही.

आणखी एक प्रकार मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, तो संचात नाही. एकाच माणसाच्या दोन गुणांची तुलना. धारूरकडचा एक मुलगा कुणाशी बोलायचा नाही, मुलं त्याला घमेंडी समजायची. एका मुलीने त्याच्याबद्दल वाक्य केलं, 'ही इज मोअर शाय दॅन प्राउड.' इथे शब्द छोटा असूनही 'मोअर'च लागतं, 'शायर' चालत नाही, कारण दोन माणसं नाहीत, एकाच माणसाचे दोन गुण आहेत. मुलगा मान वर करून म्हणाला, "यस, मोअर शाय." त्या दिवसापासून त्याला घमेंडी कुणी म्हणालं नाही.

कागदाबद्दल थोडक्यात: कार्डं जाड आहेत, कोपरे सुटलेत पण छपाई गेलेली नाही. खोका मात्र लवकर फाटला, आम्ही संच बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. आठवीच्या पुढे आणि मोठ्यांच्या बॅचला हा संच चांगला. लहान मुलांसाठी घेणार असाल तर 'सेल्फिश', 'लेझी', 'रूड' ही कार्डं आधीच काढून ठेवा. दोन्ही रूपं चालणारे शब्द, जोडशब्द आणि 'ॲज-ॲज'ची कार्डं पुढच्या आवृत्तीत घाला, असं मी प्रकाशकांना लिहिलंय. ती आली तर दुसरा संचही घेईन.