क्रेडिट रिपोर्टच्या दुरुस्तीसाठी ग्राहक आयोगात: काही महिन्यांचा अनुभव

पूर्ण फेडून बंद केलेले वैयक्तिक कर्ज माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये थकीत दिसत होते. ना-देय दाखला (काहीही बाकी नाही असे बँकेचे पत्र) हातात असताना रकान्यात 030, 060, 090 असे थकीत दिवस महिन्यागणिक चढत होते आणि त्यापायी गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाला.

पतमाहिती कंपनीकडे, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपनीकडे, ऑनलाइन तक्रार करणे सोपे आणि मोफत आहे, पण तिची धाव तोकडी. पतमाहिती कंपन्यांच्या 2005 च्या कायद्यानुसार बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलू शकत नाही. त्यामुळे तिचे काम पोस्टमनचे, आणि उत्तर एका ओळीचे: बँकेच्या म्हणण्यानुसार माहिती बरोबर आहे. तक्रार 30 दिवसांत न सोडवल्यास दररोज 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. मेख अशी की मुदतीत असे उत्तर धाडले की त्यांच्या लेखी तक्रार निकाली निघते.

पुढे दोन वाटा होत्या. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही येतात, मात्र तेच प्रकरण न्यायालयात किंवा आयोगात प्रलंबित असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम आधी ठरवावा. मला नुकसानभरपाईही हवी असल्याने मी जिल्हा ग्राहक आयोग निवडला आणि बँक व कंपनी दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) केले, कारण एकालाच केले असते तर त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले असते.

नोटीस पोहोचल्यावर, लेखी जबाब येण्याआधीच, नोंद मुकाट्याने दुरुस्त झाली. जे तक्रारअर्जाने होत नव्हते ते कुणाच्या टेबलावर इतक्या झटपट झाले, हे मात्र कळले नाही.

जबाबात कंपनीने 2005 च्या त्याच कायद्याच्या कलम 18 मधील लवादाचा मुद्दा काढला, म्हणजे असा वाद आयोगाऐवजी लवादाकडे न्यावा. त्यावर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 100 चा आधार आम्ही घेतला आहे, कारण या कायद्यातील उपाय इतर कायद्यांतील उपायांच्या जोडीने मिळतात.

खरी दमछाक होते ती नुकसान सिद्ध करताना. कर्ज नाकारणारी बँक ‘अंतर्गत धोरणानुसार’ एवढेच लिहून देते, म्हणून क्रेडिट रिपोर्टमुळे अर्ज फेटाळला असे स्पष्ट लिहिलेले पत्र किंवा ईमेल तेव्हाच मागून घ्यावा. दुरुस्तीपूर्वीचा रिपोर्ट, त्यावरील तारखेसह, जपून ठेवावा; नोंद बदलल्यावर संकेतस्थळावर नवा रिपोर्टच दिसतो. भरपाईचा भाग अजून युक्तिवादावर आहे.