बोल्डर की अ‍ॅन आर्बर? विद्यापीठ बघून झालं, आता गाव बघा

अमेरिकेत एमएससाठी दोन्हीकडून होकार आला की घरात रँकिंगचा काथ्याकूट सुरू होतो. तो होऊ द्या. पण कोलोरॅडो विद्यापीठाचं बोल्डर आणि मिशिगन विद्यापीठाचं अ‍ॅन आर्बर यांतून एक निवडताना खोली कुठे मिळेल, भाडं किती बसेल, रात्री लॅबमधून चालत घरी येता येईल का, हेही बघायला हवं. आणि हे सगळं ठरवलंय तिथल्या नगर परिषदेनं आणि मतदारांनी. काही निर्णय तर तुमच्या आईवडिलांच्या जन्माआधीचे आहेत.

बोल्डरपासून सुरुवात करू. 1959 मध्ये तिथल्या मतदारांनी डोंगरउतारावर समुद्रसपाटीपासून 5,750 फुटांच्या पातळीला एक रेषा आखली आणि तिच्या वर शहराचं पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. आपल्याकडे आधी सोसायटी उभी राहते, मग टँकर लागतो. तिथे नळच नाही म्हटल्यावर बिल्डर फिरकले नाहीत. 1967 मध्ये लोकांनी डोंगर आणि मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी स्वतःवरच 0.4 टक्के विक्रीकर लावून घेतला. 1971 मध्ये इमारतींना 55 फुटांची कमाल उंची ठरली, आणि 1976 मध्ये दरवर्षी किती नवी घरं बांधता येतील यावरही मर्यादा आली. पुण्यात टेकड्यांवरच्या बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षणाचं गुऱ्हाळ किती वर्षं चाललंय हे माहीत असलेल्याला हेवाच वाटेल.

याचं फळ पर्ल स्ट्रीटवर दिसतं. 1977 मध्ये या रस्त्याचे चार ब्लॉक गाड्यांना बंद करून विटांचा पादचारी मार्ग केला. संध्याकाळी तिथे कुणी जादूचे प्रयोग करत असतो, कुणी गिटार घेऊन बसलेला असतो आणि पश्चिमेकडे मान वळवली की इमारतींच्या वरून डोंगर दिसतो. तो दिसतो, कारण मध्ये चौदा मजली काही उभं नाही.

पण चौदा मजली काही उभं नाही म्हणूनच घरंही कमी. विद्यापीठ, संशोधन संस्था, टेक कंपन्या यांच्या नोकऱ्या वाढत गेल्या, घरं त्या वेगानं वाढली नाहीत. रोज हजारो लोक लाँगमाँट, लाफायेट अशा शेजारच्या गावांतून कामाला येतात. त्यात आपल्या मुलांना थेट झोंबणारा एक नियम होता: बहुतेक वस्त्यांत एका घरात नात्यात नसलेली तीनच माणसं राहू शकत. चौघांनी मिळून घर घ्यायची आपली पद्धत, म्हणजे चौथा बेकायदा! हा नियम सैल करायचा प्रस्ताव 2021 मध्ये मतदारांनी फेटाळला. 2023 मध्ये नगर परिषदेनं मर्यादा पाचवर नेली आणि 2024 मध्ये राज्य सरकारनं कायदा करून नात्यावर आधारलेल्या अशा मर्यादाच बंद केल्या. तेव्हा एखाद्या सीनियरनं जुन्या माहितीवर घाबरवलं तर मनावर घेऊ नका.

अ‍ॅन आर्बरनंही गावाबाहेरची शेती राखली. 2003 मध्ये मतदारांनी त्यासाठी 30 वर्षांचा मालमत्ता कर मंजूर केला. पण त्याबरोबर गावाचा मध्य वर जाऊ दिला. 2009 च्या नियमांत डाउनटाउनच्या गाभ्यात 180 फुटांपर्यंत, तर कॅम्पसला खेटून असलेल्या साउथ युनिव्हर्सिटी भागात 150 फुटांपर्यंत परवानगी मिळाली, आणि तिथे विद्यार्थ्यांसाठी टॉवर उभे राहिले. 2022 मध्ये नव्या इमारतीला अमुक इतकं पार्किंग हवंच, ही अटही शहरभर काढून टाकली. नव्या टॉवरमधलं भाडं स्वस्त मुळीच नाही, पण कॅम्पसच्या दारात घर मिळतं. खिशाला जरा बरं पडावं म्हणून खोल्या पाडून दिलेली जुनी लाकडी घरं बघावीत.

हे गावही धुतल्या तांदळाचं नाही. वाचनालयाशेजारची पालिकेची जागा बघा. खाली 2012 पासून भूमिगत पार्किंग, वर सपाट डांबर. तिथे 17 मजली इमारत येणार होती. 2018 मध्ये मतदारांनी ती जागा कायम सार्वजनिक उद्यानासाठी ठेवायचा निर्णय दिला आणि टॉवर बारगळला. पण उद्यान काही झालं नाही, तिथे गाड्याच उभ्या राहत होत्या. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये मतदारांनी तो निर्णय फिरवला आणि जागा वाचनालयाला देण्याचा मार्ग मोकळा केला. सात वर्षं फुकट! बोल्डरकर निदान एकदा ठरवलं की ठरवलं, असे आहेत.

भाडेकरूंच्या बाबतीत मात्र अ‍ॅन आर्बरनं लक्ष घातलंय. पुढच्या वर्षाचे करार शरदातच उरकायची घरमालकांची घाई असे, म्हणजे नव्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळेपर्यंत घरं गेलेली. 2021 पासून चालू करार संपायला 150 दिवस उरेपर्यंत ते घर दुसऱ्याला देता येत नाही. करार बहुतेक ऑगस्टअखेर संपतात, तेव्हा मार्चअखेरीपासून शोधाला लागा.

माझं मत विचाराल तर गाडी न घेता, थोडक्यात भागवून दोन वर्षं काढायची असतील तर अ‍ॅन आर्बर. थंडी बोचरी आणि इंजिनिअरिंगचे बरेचसे वर्ग मुख्य कॅम्पसपासून दूर नॉर्थ कॅम्पसवर असतात, पण विद्यापीठाची बस फुकट आहे. डोंगरात भटकल्याशिवाय चैन पडत नसेल आणि शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप पक्की असेल, तर बोल्डर. मग घर बघण्याआधी बसचा नकाशा उघडा आणि स्किप किंवा फ्लॅटआयर्न फ्लायर या बसच्या मार्गावर काय मिळतंय ते शोधा. आणखी एक, 2027 पासून सनडान्स चित्रपट महोत्सव जानेवारीत बोल्डरला येतोय. त्या सुमारास पाहुण्यांची झुंबड उडेल, म्हणून स्प्रिंग सत्रासाठी घर बदलायचं असेल तर डिसेंबरातच उरकून घ्या.