जे-बेसची घूं आणि तीन आठवड्यांसाठी उसना आणलेला पी-बेस (अकरा महिन्यांनंतरचा अनुभव)

बेसचा जॅक (केबल लावायची जागा) ढिला झाला नसता तर हे लिहायची वेळच आली नसती. माझा जे-बेस, म्हणजे फेंडर कंपनीच्या जॅझ बेस नमुन्याची बेस गिटार, अकरा महिने वापरतोय, मूळ फेंडरचा नाही, त्याच नमुन्यावर दुसऱ्या कुणीतरी बनवलेला, खिशाला झेपेल असा. आठव्या महिन्यात केबल जरा हलली की खर्र खर्र सुरू झालं. वॉरंटी होती म्हणून सर्व्हिसला दिला आणि देता देता तोंडातून निघून गेलं की ब्रिज पिकअप (पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, ब्रिज म्हणजे खालच्या टोकाजवळचा) एकटा वाजवला की घूं, म्हणजे सतत गुणगुणणारा विजेचा आवाज, येते, तेवढं पण बघून घ्या. नुसता जॅक सांगून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

आता ही घूं. ज्यांनी जे वापरलाय त्यांना माहितीये. दोन सिंगल कॉइल (तारेची एकच गुंडाळी असलेले) पिकअप, दोघांचं वाइंडिंग आणि चुंबक एकमेकांच्या उलट, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले की घूं कटते, एक जरी खाली आणला की हजर. म्हणजे नॉब तीन दिलेत, पण मधल्याला हात लावायला भीती वाटेल असं. मी पहिले सहा महिने दोन्ही फुल ठेवून वाजवलं आणि घरी एकटा असताना काय सुंदर वाटायचं, खाली गोल आणि वर काचेसारखं स्वच्छ. बँडमध्ये गेलो की गायब. ड्रमरने एकदा गाणं थांबवून विचारलं, "अरे तू वाजवतोयस की नुसता उभायस?"

कारण नंतर कळलं. दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागा ऐकतात, त्यांची बेरीज करताना मधल्या काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. एकटं वाजवताना हे गोड लागतं, पण गिटार, ड्रम्स, आवाज सगळं एकत्र आलं की बेस ज्या मधल्या भागामुळे ऐकू येतो नेमका तोच कमी झालेला असतो. मग उपाय काय, एक पिकअप थोडा कमी करा, मिड्स (त्या मधल्या फ्रिक्वेन्सी) परत येतात. आणि घूंही परत येते! जेची सगळी गंमत ज्या नॉबमध्ये, घूं पण त्याच नॉबमध्ये. हे मला कुणीही घ्यायच्या आधी सांगितलं नाही, सगळे 'जे म्हणजे व्हर्सटाइल' एवढंच सांगतात.

फिरत्या खुर्चीत बेस घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की खुर्ची वळवली की घूं कमीजास्त होते, एका ठराविक दिशेला तर जवळजवळ नाहीच. मग काय, प्रॅक्टिसला मी ती दिशा शोधून उभा राहायला लागलो. ती निघाली भिंतीकडे तोंड करून. दोन आठवडे बँडला वाटत होतं मी कशावरून तरी रुसलोय.

तर सर्व्हिस. तीन आठवडे लागतील म्हणाले. तेवढ्यात एका मित्राकडून, जो आता फक्त गिटार वाजवतो, त्याचा जुना पी-बेस (प्रिसिजन बेस, फेंडरचाच दुसरा नमुना) उसना आणला. पहिल्या दिवशी खरं सांगतो, निराश झालो. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. घरी वाजवला तर गोणीत घालून वाजवल्यासारखा जाड आणि बोथट, आणि नेक हातात बसेना. जेचा नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) साधारण 38 मिमी रुंद, याचा 41 च्या पुढे, म्हणजे फरक तीनेक मिमीचा, पण हाताला तो केवढा मोठा वाटतो. मी तर मित्राला मेसेज पण केला की तुझा ओंडका परत घेऊन जा.

चौथ्या दिवशी प्रॅक्टिस होती. प्लग लावला, अँप चालू केला आणि मला वाटलं केबल नीट बसली नाही, कारण काहीच आवाज नाही. घूं नाही म्हणून शांत होतं! पीच्या स्प्लिट कॉइलचं हेच आहे, एकाच पिकअपचे दोन तुकडे, एक ई आणि ए तारेखाली, दुसरा डी आणि जीखाली, एकमेकांच्या उलट गुंडाळलेले. व्हॉल्यूम कुठेही ठेवा, कुठेही तोंड करून उभे राहा, घूं कटलेलीच. पी-बेस 1951 चा, तेव्हा त्यात साधा सिंगल कॉइल होता, हा स्प्लिट 1957 मध्ये आला. आणि जे-बेस 1960 चा. म्हणजे घूंवरचा उपाय घरात असताना नवीन मॉडेलमध्ये परत सिंगल कॉइल घातले. यावर मी एक पूर्ण संध्याकाळ चिडलेलो होतो, आता थोडा शांत आहे, कारण तो ब्रिजजवळचा नाकातला आवाज पीमधून कितीही टोन फिरवला तरी येत नाही, तो हवा तर दुसरा पिकअप लागणारच. प्रसिद्ध बेसवादक जाको पास्टोरियसचा तो बोलणारा आवाज ब्रिज पिकअपचाच, त्याचा जॅझ बेस 1962 चा. आणि दुसरा मोठा बेसवादक जेम्स जेमरसन, त्याचा पी पण 1962 चाच, जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, आणि उजव्या हाताचं एकच बोट! बोटावर पण काटकसर, माझा माणूस.

बँडमध्ये तो 'ओंडका' असा काही बसला की ड्रमरने या वेळी काही विचारलंच नाही. जो जाडपणा घरी बोथट वाटत होता तोच किक ड्रमच्या वर आणि गिटारच्या खाली बरोब्बर मावला. टोन अर्ध्यावर, दोन बोटं, बास. मी मेसेज डिलीट करायला गेलो तर त्याने वाचला होता.

नेकबद्दल पण मत बदललं. जेचा नेक बारीक म्हणून लहान हातांना सोपा असं सगळे म्हणतात, मी पण म्हणायचो. पण दोन्हींची स्केल (तारेची वाजणारी लांबी) 34 इंच, म्हणजे फ्रेटमधली अंतरं अगदी तीच, पहिल्या पोझिशनला बोटं जेवढी ताणावी लागतात तेवढीच ताणावी लागतात. फरक फक्त तारा नटजवळ किती खेटून आहेत एवढाच. आणि माझं मनगट जे दुखायचं ते पट्टा फार खाली सोडल्यामुळे, फोटोत बरं दिसतं म्हणून. पट्टा वर घेतला, दोन्ही बेसवर दुखणं गेलं. ते आधीच करायला हवं होतं.

बेस परत आला साडेचार आठवड्यांनी. जॅक नवीन, छान. आत घूं अडवायला म्हणून कॉपर टेप लावलेली आणि तिचं बिल वेगळं, वॉरंटीत बसत नाही म्हणे. घरी येऊन लावला तर घूं तशीच. वर आणखी एक गंमत, आता दोन्ही फुल ठेवले की आवाज पातळ, खालचा दम सगळा गेलेला, आणि जिथे आधी घूं कटायची तिथेच आता दुप्पट! फोन केला तर "सिंगल कॉइल आहे, येणारच." अहो पण आधी दोन्ही फुलला येत नव्हती ना! "तुमच्या अँपचं असेल." तीनदा हेच. मग स्वतःच उघडला. ब्रिज पिकअपच्या दोन वायर उलट्या डाग दिलेल्या. उलट केल्या की जे कटायचं ते जुळतं आणि जे जुळायचं ते कटतं, दोन मिनिटांचं काम, मीच केलं. टेपचे पैसे परत मिळाले नाहीत, भांडून पण नाही.

आणि टेपबद्दल सांगून ठेवतो, कारण मला विकली गेली तशी तुम्हाला पण विकतील. तारांना हात लावल्यावर जी खरखर कमी होते ती वेगळी, तिच्यावर शिल्डिंग आणि अर्थिंगचा उपयोग होतो. खुर्ची फिरवल्यावर जी बदलते ती वेगळी, ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची, थेट कॉइलमध्ये घुसते, तिला टेपचं काही घेणंदेणं नाही. माझी बहुतेक सगळी दुसऱ्या प्रकारची होती. टेप लावायच्या आधी खुर्ची फिरवून बघा, फुकट आहे.

घूंविरहित जेसाठी एका पिकअपच्या जागेत दोन कॉइल रचलेले पिकअप मिळतात, पण त्या जोडीच्या पैशात बेसचा मोठा भाग वसूल होईल. मी असा माणूस आहे की तारा मेल्या की पाण्यात उकळून, पुसून परत चढवतो, चार दिवस चमकतात. मी ते पिकअप घेणार नाहीये. 'दोन्ही ठेव ना' असं म्हणणाऱ्यांनी मला एक पाठवून द्यावा.

बँडसाठी पहिलाच बेस घेत असाल तर पी घ्या, माझ्यासारखं घरी एकटं वाजवून ठरवू नका. मीच आज नव्याने घेतला असता तर पी घेतला असता. पण मित्राने त्याचा परत मागितला (तो मेसेज वाचल्यावर विकत पण देईना), आणि माझा विकायला काढला तर हातात काय येणार ते विचारून झालंय, त्यापेक्षा वाजवलेला बरा. आता ब्रिज पिकअपचा नॉब फुल आणि नेकचा जेमतेम आठवर. मिड्स पुरेसे येतात, घूं आहे पण गाणं सुरू झालं की कुणाला ऐकू येत नाही, मला सोडून. ती जागा सापडावी म्हणून नॉबच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. अंगठ्याने घासून घासून तो आता पुसट झालाय, शनिवारच्या प्रॅक्टिसआधी परत लावतो.