शहागंजचे जुने चष्मेवाले चाचा: गॉगल विकायच्या आधी इथं जाऊन या

दुकानाला बोर्डच नाही, त्यामुळं नाव टाकता येईना. संभाजीनगरात (औरंगाबाद) शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरजवळ जुने चष्मेवाले चाचा कुठं बसतात म्हणून विचारा, कुणीबी दाखवील.

झालं असं की घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं काम निघालं आन पेटीत काकांचा गॉगल सापडला, रेबॅनचा एव्हिएटर, 1986 ला मस्कतहून आणलेला. काका म्हणले घे तुला, मला आता नंबरचा लागायलाय. आधी जालन्यात एका चकाचक शोरूमला नेला तर तिथल्या पोरानं हातात न घेताच सांगितलं, आऊटडेटेड आहे भैया, 900 मधे नवीन काचा टाकून देतो नाहीतर एक्सचेंजमधे 300 धरतो. मी जवळजवळ हो म्हणलो होतो, नशीब त्यांची मशीन बंद होती.

चाचांनी मात्र आधी काच नखानं टकटक वाजवली (खरी काच आहे, प्लास्टिक नाही), मग घड्याळवाल्यासारखं भिंग डोळ्याला लावून गॉगल उजेडात तिरका धरला आन म्हणले, "ये देख बेटा, कोने में." बिजागरीजवळ काचेच्या कडेला एवढुसं बी-एल कोरलेलं, दोन्ही काचांवर. म्हणजे बॉश अँड लोम्ब, रेबॅन काढणारी मूळ अमेरिकन कंपनी. एव्हिएटर 1937 पासून त्यांचाच, 1999 ला त्यांनी गॉगलचा धंदा इटलीच्या लक्झोटिकाला 64 कोटी डॉलरला विकला आन पुढच्या मालावर आर-बी यायला लागलं. आपण काय बघतो तर काचेवरचं पांढऱ्या अक्षरातलं नाव, आन डुप्लिकेटवाला तेच सगळ्यात आधी छापतो.

आतून नाकावरच्या पट्टीला बी अँड एल, यूएसए आन 58-14 असं होतं, 58 मिलिमीटर काच आन 14 मधलं अंतर. आई म्हणत होती सोन्याचाच असंल. त्याहून जुन्या काही फ्रेमवर 1/10 12के जीएफ असा शिक्का असतो, तिथं सोन्याचा पत्रा चढवलेला असतो, त्यातबी सोनं वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं आन तेबी 12 कॅरेटचं. आमच्यावर तो शिक्का नाही, आईचा मूडच गेला.

किंमत विचारली तर चाचा हसले. "काच कू हात नको लगा, कीमत वहींच है." मूळ काचा गेल्या की नुसती फ्रेम राहती. नाकाचे पॅड बदलले तर चालतंय पण जुने जपून ठेवायचे, डबी असली तर अजून चांगलं (आमची डबी काकूनं सुया ठेवायला घेतली होती, परत मागून आणली). आन ऑनलाईन लोक मागायलेत ते आकडे बघून हुरळून जाऊ नका, कितीला विकला गेला ते बघा. ओरखडे असले की भाव लई पडतो, आमच्या डाव्या काचेवर दोन आहेत.

पॅडखालचा हिरवा मळ साबणाच्या कोमट पाण्यानं काढला, स्क्रू कसले, नवे पॅड टाकले, सगळ्याचे 150. विकत घेतो का विचारलं तर नाही म्हणले, इथंच माझा विश्वास बसला. एक स्टार कमी कारण बिल देत नाहीत, फोन उचलत नाहीत आन शुक्रवारी दुपारी गेलो तर शटर बंद, जालन्याहून दुसरी चक्कर पडली.

काका आता म्हणायलेत गॉगल परत दे.