खाजनातलं शेत: आपापलं करायचं की गटात जायचं?

माझा मामेभाऊ दोन महिने एकाच प्रश्नावर अडकलाय. नदीकाठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, त्यांचं शेत, तीन वर्षं पडीक, आता वाड्यावरचे बाराजण म्हणतात सगळी शेतं एकत्र कसूया, खर्च एकत्र, भात एकत्र, वाटणी शेवटी. भावाला वाटतं आपण आपलं वेगळं करावं, कापणीचं मशीन भाड्याने आणावं आणि उकडा तांदूळ थेट गिऱ्हाईकाला विकावा. गोव्यात असा पेच बऱ्याच घरांत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपापलं करण्याच्या बाजूने भक्कम मुद्दा हायेक या अर्थतज्ज्ञाचा. 1945 मध्ये त्याने मांडलं की कुणाला काय हवंय, कुठे काय कमी पडलंय ही माहिती असंख्य लोकांच्या डोक्यांत विखुरलेली असते, ती एका कमिटीला कधीच गोळा करता येत नाही, पण भाव ती पोचवतो. उकड्याला भाव चढला की मीटिंग न घेता कुणीतरी पडीक तुकडा नांगरायला काढतोच ना, तेच हे. दुसरं म्हणजे कष्टाचं. चीनमध्ये शियाओगांग गावात 1978 साली 18 कुटुंबांनी सामुदायिक शेती सोडून घरटी जमीन गुपचूप वाटून घेतली आणि पुढच्याच वर्षी पीक कितीतरी वाढलं. पहाटे सहाला चिखलात उतरणारा आणि दहाला येऊन बांधावर गप्पा मारणारा या दोघांना सारखाच वाटा मिळाला तर पहिला माणूस किती वर्षं सहाला येणार? बाराजणांच्या गटात हा प्रश्न पहिल्याच लावणीला येतो, मी आमच्याकडे बघितलाय.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी जास्त लिहिणार कारण लोक नेमकं हेच विसरतात. खाजन ही समुद्राच्या पाण्याकडून मागून घेतलेली जमीन, बाहेर खारं पाणी, आत भात, मध्ये चिखलाचा बांध. बांधात पाणी आत-बाहेर सोडायला मानस असते, म्हणजे झडपेचा दरवाजा. मानशीचं लाकडी दार भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतं. खेकड्याने पाडलेलं एक भोक वेळेत बुजवलं नाही तर बांध फुटतो आणि खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात भरतं, तुमचं तण कितीही साफ असू दे. मग दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जायची वाट बघायची. आमच्या बाजूला मानशीवरच्या मासळीचा हक्क लिलावात घेतलेल्या एकाने कोळंबीसाठी रात्री दार उघडं ठेवलं, चौदा शेतं गेली. त्याला मासळीचा चांगला भाव मिळाला, आमचं नुकसान कुठल्याच भावात धरलेलं नव्हतं.

हार्डिन या शास्त्रज्ञाने 1968 मध्ये म्हटलं की सामाईक कुरणाची वाट लागणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईने जगभरची गावं अभ्यासून दाखवलं की असं काही नाही, लोक स्वतः नियम करतात आणि पाळतात, याच कामासाठी तिला 2009 चं नोबेल मिळालं. स्वित्झर्लंडच्या टॉर्बेल गावात 1517 पासूनचा नियम आहे, हिवाळ्यात पोसता येतील तेवढ्याच गाई डोंगरावर चरायला न्यायच्या. आपल्याकडे हेच काम कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, करायची, बांधाची डागडुजी, मानशीचा लिलाव, शिलकीतून गावकारांना म्हणजे तिच्या सदस्यांना वाटा. मात्र तिचं गोडगोड चित्र नको, हक्क मूळ घराण्यांच्या पुरुषांचा, चिखलात राबणाऱ्या कुळांना आणि बायकांना त्यात आवाज नव्हता. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची दुरुस्ती यांनी कुळांना मालकी दिली ते योग्यच झालं, पण बांध सांभाळायची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी ते संघ कागदावरच राहिले.

म्हणून भावाला मी सांगितलं, पूर्ण गटशेती नको. बियाणं, मेहनत, विक्री आपापली, ज्याचं भात त्याचं. बांध, मानस, आतले पाण्याचे चर आणि मशीनचं बुकिंग मात्र बाराजणांचं, शेताच्या क्षेत्राप्रमाणे वर्गणी, आणि मानशीचं दार कोण कधी उघडणार हे लेखी, मासळीचा लिलाव करताना त्याच करारात दंडासकट. यात हायेकला दगा होतो असं कुणी म्हणू नका, छोट्या गावाचे, घराचे, स्वेच्छेने एकत्र येऊन केलेले प्रयत्न त्याला मान्यच होते, त्याचा विरोध वरून लादलेल्या नियोजनाला होता.

बाराजण याला तयार नसतील तर मग त्या खाजनात एकट्याने पैसे घालू नको हेही सांगितलंय. सही करायच्या आधी मे महिन्यात मोठ्या भरतीच्या वेळी अख्ख्या बांधावरून चालत जा आणि भोकं मोज, सोबत बाराजणांपैकी किती येतात तेही बघ.