रोममध्ये एकच दुपार हातात असेल तर: पलाझ्झो मास्सिमो की मोंतेमार्तिनी?

कोलोसियम झालं, व्हॅटिकन झालं, आता एक दुपार उरली आहे. जुनी रोमन शिल्पं निवांत बघायची तर कुठे जायचं? माझ्या मते खरी निवड दोन संग्रहालयांतच आहे. एक तेर्मिनी स्टेशनजवळचं पलाझ्झो मास्सिमो आणि दुसरं ओस्तिएन्से रस्त्यावरचं चेंत्राले मोंतेमार्तिनी. शिल्पं दोन्हीकडे अव्वल आहेत. क्युरेटरांनी, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्यांनी, ती कशाच्या शेजारी ठेवली, यात मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या नजरेला काय पडणार हे त्यावरच ठरतं.

पलाझ्झो मास्सिमो ही 19व्या शतकाच्या अखेरीस जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या शाळेसाठी बांधलेली इमारत. आत शांत दालनं, आणि महत्त्वाच्या पुतळ्यांभोवती फिरता येईल एवढी मोकळी जागा. इथे फक्त बसलेल्या मुष्टियोद्ध्यासाठी जरी गेलात तरी चालेल. 1885 साली क्विरिनाल टेकडीच्या उतारावर तो सापडला. लढत आटोपून टेकलेला ब्राँझचा माणूस. नाक मोडलेलं, कान सुजलेले, हातांना अजून चामड्याच्या पट्ट्या. जखमा आणि मांडीवर पडलेले रक्ताचे थेंब तांबं बसवून केले आहेत, त्यामुळे ब्राँझच्या रंगातून ते लालसर उठून दिसतात. मान त्याने उजवीकडे वळवून वर केली आहे. तो जिकडे बघतो तिथे जाऊन उभे राहा. डोळ्यांच्या खोबण्या रिकाम्या आहेत, तरी त्या नजरेसमोर फार वेळ उभं राहवत नाही. त्याच्या पायाची बोटं झिजली आहेत. प्राचीन काळीच लोक येताजाता तिथे हात लावत असावेत, असं अभ्यासक मानतात. शंकराच्या देवळात नंदीची गुळगुळीत झालेली पाठ ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याच संग्रहालयात थाळीफेक्याच्या दोन संगमरवरी प्रती आहेत. मायरन या ग्रीक शिल्पकाराने घडवलेला मूळ ब्राँझचा पुतळा कधीच नाहीसा झाला. उरल्या त्या रोमन नकला. इथली लान्सेलोत्ती प्रत 1781 मध्ये मिळाली, 1938 मध्ये हिटलरच्या जर्मनीला विकली गेली आणि 1948 मध्ये परत आली. दुसरी, कास्तेल पोर्झियानोची, बिनडोक्याची. दोन्ही पाहिल्या की नक्कल करणाऱ्याचा हात कुठे मोकळा होता आणि कुठे बांधलेला, हे दिसायला लागतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्रतीला जोडलेलं डोकं चुकीच्या दिशेला बघतं. लान्सेलोत्तीचं मात्र मागे वळून थाळीकडे बघतं. तळमजल्यावर डोक्यावरून पदर घेतल्यासारखा टोगा, म्हणजे रोमनांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, ओढलेला सम्राट ऑगस्टस आहे, तोही चुकवू नका.

आता मोंतेमार्तिनी. हे 1912 साली सुरू झालेलं शहराचं वीजकेंद्र. 1963 मध्ये ते बंद पडलं. 1997 मध्ये रोममधल्याच कापितोलिनी संग्रहालयाच्या काही भागांची दुरुस्ती निघाली, तेव्हा तिथल्या पुतळ्यांना तात्पुरता आसरा म्हणून ही जागा निवडली गेली. प्रदर्शनाचं नाव होतं ‘यंत्रं आणि देव’. तात्पुरती मांडणी लोकांना इतकी भावली की ती कायमची झाली. काळ्याभोर डिझेल इंजिनांपुढे पांढरे देव उभे आहेत. पहिल्या दहा मिनिटांत लक्ष इंजिनांकडेच जातं, हे खरं. माझी तक्रारही तीच: नाजूक काम असलेले काही चेहरे तिथे हरवतात. पण मोठ्या शिल्पांना ही जागा अशी काही मानवते की बोलायची सोय नाही. रोमच्या लार्गो अर्जेंतिना चौकातल्या प्राचीन देवळातली भाग्यदेवता फोर्तुना बघा. तिचं प्रचंड डोकं, हात आणि पाऊल एवढंच उरलं आहे. फक्त उघडे अवयव संगमरवराचे, बाकी देह दुसऱ्या साहित्याचा, अशी तिची घडण होती. सुटे भाग जोडून केलेली देवी सुट्या भागांच्या यंत्रांशेजारी ठेवल्यामुळे ती मुळात कशी बांधली असेल, हा प्रश्न आपोआप पडतो. पांढऱ्या भिंतीसमोर मला तो पडला नसता.

आणि तिथला टोगातस बार्बेरिनी, म्हणजे टोगा नेसलेला पुतळा. दोन्ही हातांत पूर्वजांची शिरं घेऊन उभा असलेला रोमन गृहस्थ. देवघरात वाडवडिलांचे टाक पुजणाऱ्या घरातल्या माणसाला तो परका वाटणार नाही. गंमत अशी की त्याचं स्वतःचं डोकं त्याचं नाही. प्राचीनच, पण दुसऱ्या पुतळ्याचं, मागाहून बसवलेलं. असं डोकं काढावं की राहू द्यावं, हा क्युरेटरांपुढचा जुना पेच. इथे ते राहू दिलं आहे, आणि मला ते पटतं. ती जोडसुद्धा आता त्या पुतळ्याच्या आयुष्याचाच भाग झाली आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या प्रदर्शनात भारतीय मूर्तींसोबत इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोमची शिल्पं मांडली होती. ते ज्यांना आवडलं त्यांना मोंतेमार्तिनी लवकर कळेल, कारण एकाशेजारी दुसरं ठेवून विचार करायला लावणं ही दोन्हीकडची रीत.

तर पहिल्यांदाच रोमला जात असाल, तर पलाझ्झो मास्सिमो, बिनशर्त. आईवडील सोबत असतील तरी तेच: स्टेशन जवळ आहे, आणि शिल्पांचा कंटाळा आला तर वर ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या वाड्यातली बागेची भित्तिचित्रं आहेत, डाळिंबं आणि पाखरांनी भरलेली. संग्रहालय म्हटलं की नाक मुरडणारी मुलं किंवा यंत्रांत रमणारं कुणी बरोबर असेल, किंवा ही दुसरी खेप असेल, तर मोंतेमार्तिनी. तिथे गर्दी कमी असते.

दोन्ही सोमवारी बंद असतात. पूर्ण दिवस मिळाला तर सकाळी मास्सिमो करा आणि तेर्मिनीहून मेट्रोच्या बी मार्गाने गार्बातेल्लाला उतरा. तिथून मोंतेमार्तिनी चालत गाठता येतं. क्रम उलटा करू नका. इंजिनांची ती भव्यता डोळ्यांत भरलेली असताना मुष्टियोद्ध्याच्या मांडीवरचे तांब्याचे थेंब दिसत नाहीत.